मातीच्या खदानीतून लिथियम निघते का? गावोगावून येणारे प्रश्न अन् उत्तरं

चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर ग्रामीण, सगळीकडून तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतो. विलायतेत मातीच्या खदानीतून बॅटरीचं लिथियम काढायचं काम चालू आहे हे खरं, पण ती बातमी आपल्या गावात पोचेपर्यंत तिला एवढे पाय फुटतात की कोणी म्हणते विटभट्टीच्या मातीत आहे, कोणी म्हणते तलावाच्या गाळात आहे, अन् मग एक दिवस पांढऱ्या गाडीतून एजंट येते अन् एकरावर इसार द्यायला तयार होते. इसार घ्यायच्या आधी हे वाचा.

प्रश्न: मातीतून बॅटरीचा धातू, हा प्रकार आहे तरी काय?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून भाग आहे. तिथे १७४६ च्या सुमारास विल्यम कुकवर्दी नावाच्या औषधविक्याला चिनी माती सापडली, तेव्हापासून सेंट ऑस्टेल गावाच्या आजूबाजूला पांढऱ्या मातीच्या खदानी आहेत. कपबशा, कागद, रंग, सगळ्यात ती माती जाते. एक टन चांगली माती काढायची तर नऊ टनांच्या आसपास वाळू, दगड, अभ्रक बाजूला टाकावं लागते, त्यामुळे तिथे टाकाऊ मालाचे अक्षरशः पांढरे डोंगर उभे आहेत. ज्या ग्रॅनाइटची ती माती झाली त्याच ग्रॅनाइटच्या अभ्रकात लिथियम आहे. मग मातीच्याच धंद्यातली इमेरिस कंपनी २०२३ मध्ये ब्रिटिश लिथियम या कंपनीसोबत ८०-२० भागीदारीत उतरली, टार्गेट वर्षाला २० हजार टन लिथियम कार्बोनेट. शेजारी ट्रेलाव्हरला कॉर्निश लिथियम ही वेगळी कंपनी जुन्या चिनी मातीच्या खदानीतच काम करते, तिचा डेमो प्लांट ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला. फ्रान्समध्ये बोव्हार इथे एकोणिसाव्या शतकापासूनची केओलिनची (म्हणजे चिनी मातीचीच) खदान आहे, तिथेही इमेरिसनेच २०२२ मध्ये वर्षाला ३४ हजार टन लिथियम हायड्रॉक्साइडचा प्रकल्प जाहीर केला. आकडे मोठे आहेत पण काम पायलट अन् डेमोच्या पायरीवरचं आहे, हे विसरू नका.

प्रश्न: म्हणजे माती धुतलेला कचरा, त्यातूनच फुकटात लिथियम?

फुकटात काहीच नाही. आधी माती धुणं समजून घ्या. आपल्याकडे कुंभार काय करते, माती हौदात टाकते, पाणी सोडते, पायाने नाहीतर फावड्याने घुसळते, खडे अन् रेती खाली बसली की वरचं दुधासारखं पाणी कापडातून दुसऱ्या हौदात घेते अन् ते आटू देते. चिनी मातीच्या प्लांटमध्येही तेच होते, फक्त हौदाच्या जागी जोरात पाणी मारणारे पाइप अन् पाणी गरगर फिरवणारे शंकू असतात. खाली जे बसते त्यात क्वार्ट्झची रेती अन् अभ्रकाचे पापुद्रे.

आता खर्चाची गोष्ट. ते अभ्रक फेसावर तरंगवून नाहीतर चुंबकाने वेगळं करायचं (त्यात लोह असेल तर चुंबक धरते), मग जिप्सम-चुना मिसळून भट्टीत भाजायचं, पाण्यात विरघळवायचं, बाकीचे क्षार काढायचे अन् शेवटी सोडा टाकून लिथियम कार्बोनेट खाली बसवायचं. खोदाई अन् दळणं याचा खर्च मातीच्या धंद्यावर टाकता येते, भट्टी अन् केमिकलचा टाकता येत नाही.

अन् अशा लिथियमला 'जोडउत्पन्न' (मुख्य मालासोबत निघणारा दुसरा माल) म्हणतात, तो शब्दही जरा ढिलाच वापरतात. बोव्हारला लिथियमसाठी मातीच्या उघड्या खदानीच्या खाली भूमिगत खाण करायचा प्लॅन आहे, म्हणजे खदान जुनी पण खोदकाम नवीन. खरंखुरं जोडउत्पन्न तिथे वेगळंच आहे: माती धुताना कथिल, टँटलम अन् नायोबियम असलेली जड भुकटी खाली राहते अन् ती विकली जाते. कॉर्नवॉललाही बराचसा हिशोब मातीखालच्या कडक ग्रॅनाइटवरच आहे. मातीच्या खदानीचा खरा फायदा म्हणजे रस्ता, वीज, परवाने, पाणी फिरवायची व्यवस्था अन् कामाची माणसं आधीपासून जागेवर असतात.

प्रश्न: आमच्या वावरात वीस फूट काळी माती आहे, तिच्यात असेल का?

असेल, पण चिमूटभर. पृथ्वीच्या वरच्या कवचात सरासरी एका टनाला २० ग्रॅमच्या आसपास लिथियम असतेच, बेसॉल्टमध्ये त्याहूनही कमी, अन् आपली काळी कपाशीची माती बेसॉल्टचीच झालेली आहे. कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटमध्ये ०.५४ टक्के लिथियम ऑक्साइड सांगतात, म्हणजे टनाला अडीच किलो लिथियम. बोव्हारला ०.९ टक्के, म्हणजे चार किलोच्या वर. कुठे २० ग्रॅम अन् कुठे अडीच किलो!

यावर एका हुशार पोराने मला हिशोब करून दाखवला होता, तो मुद्दाम देतो कारण वरवर पाहिलं तर तो बरोबर वाटते. इलेक्ट्रिक स्कूटरची ३ किलोवॉट-तासाची बॅटरी धरली तर तिला साधारण ३०० ग्रॅम लिथियम लागते. टनाला २० ग्रॅम, म्हणजे १५ टन माती, म्हणजे ट्रॅक्टरच्या चार-पाच ट्रॉल्या. "बस एवढंच? आमच्या बांधावर तेवढी माती पडूनच आहे!" बरोबर आहे, पण ते ३०० ग्रॅम म्हणजे १.६ किलो कार्बोनेट झालं. २०२२ च्या शेवटी चीनमध्ये कार्बोनेटचा भाव टनाला ६ लाख युआनपर्यंत चढला होता, २०२४ मध्ये तो १ लाखाच्याही खाली आला. १ लाखाने धरला तर त्या १.६ किलोचे दोन हजार रुपयांच्या आसपास होतात. दोन हजारात १५ टन माती खोदून, ॲसिडमध्ये शिजवून, ॲसिड निवळून, उरलेला चिखल ठेवून दाखवा. तेवढ्या पैशात तर ट्रॅक्टरवाला डिझेलचंच विचारेल.

अमेरिकेत नेवाडात थॅकर पास म्हणून जागा आहे, तिथे खरोखर मातीतच लिथियम आहे, अन् तिचा व्हिडिओ दाखवून लोकं आपल्या काळ्या मातीचं स्वप्न विकतात. ती माती जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यातल्या तळ्यात, लिथियमवाल्या राखेपासून बनली. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याशी तिचं काही नातं नाही. अकोला, बुलढाणा, वाशिम, अमरावतीचा बराचसा भाग इथल्या मंडळींनी हा विषय डोक्यातून काढला तरी चालते.

प्रश्न: अन् भिंती सारवायची पांढरी माती? फायरक्ले?

इथे थोडं सांभाळून बोलावं लागते. माती पांढरी असली म्हणजे लिथियम आहे असं होत नाही, माती कोणत्या दगडाची झाली ते पाहायचं. भद्रावती भागात चिनी मातीची भांडी, बरण्या यांचा जुना धंदा आहे, पण चंद्रपूर पट्ट्यातली फायरक्ले कोळशाच्या थरांसोबत येते, पाण्याने वाहून आणून साचवलेली. ती कॉर्नवॉलसारखी जागच्या जागी ग्रॅनाइट कुजून झालेली नाही, म्हणून तो हिशोब तिला लावता येत नाही.

तरी तिला सरसकट बादही करू नका. जम्मू-काश्मीरच्या रियासीला जे लिथियम सापडलं ते बॉक्साइट अन् मातीच्या थरातच आहे, चीनमध्ये कोळशासोबतच्या मातीतही काही ठिकाणी लिथियम जास्त निघालं आहे. म्हणून चालू असलेल्या फायरक्लेच्या खदानीतून थराथराचे चार नमुने तपासून घ्यायला हरकत नाही, खर्च थोडा अन् शंका मिटते. जमिनीचे व्यवहार मात्र रिपोर्ट येईपर्यंत नको.

पूर्वेकडचं जुनं ग्रॅनाइट, म्हणजे गोंदिया, भंडाऱ्याचा काही भाग अन् गडचिरोली, इथे शोधण्यात जास्त अर्थ आहे. पलीकडे छत्तीसगडच्या बस्तर पट्ट्यात पेग्मटाइट (मोठ्या दाण्याच्या ग्रॅनाइटसारखा) दगडात कथिलासोबत लिथियमचं अभ्रक मिळते ही जुनी माहिती आहे. पण दगड सीमेवर थांबत नाही तसा तो सीमेच्या अलीकडे आलाच पाहिजे असंही नाही.

प्रश्न: नाल्यातली माती उन्हात चमचम करते, व्हिडिओ पाठवू का?

नका पाठवू. तो साधा अभ्रक आहे, विदर्भात अर्ध्या नाल्यांत सापडते. लिथियमचा एक अभ्रक जांभळट दिसते, दुसरा भुरकट, अन् दोन्ही डोळ्याने ओळखायच्या भानगडीत भूगर्भवाले पण पडत नाहीत.

प्रश्न: एक साहेब बंदुकीसारखं यंत्र घेऊन आले, मातीवर धरलं अन् स्क्रीनवर लिथियम दाखवलं. ते खोटं कसं?

ते यंत्र खोटं नसते, सांगणं खोटं असते. ती एक्सआरएफ (एक्स-रेवर चालणारी) गन असते, लोखंड, मँगनीज, जस्त छान दाखवते. पण लिथियम एवढा हलका धातू आहे की त्या गनला तो दिसतच नाही, हातातली असो की टेबलावरची. त्यामुळे साध्या एक्सआरएफ गनवर कोणी लिथियमचा आकडा दाखवला तर चहा पाजा अन् रवाना करा. लेझरची वेगळी यंत्रं असतात ती लिथियम पकडतात, पण खात्रीचा आकडा हवा तर नमुना ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपी (लॅबमधलं धातू मोजायचं) मशीनवरच घ्यावा लागते. गॅसच्या ज्योतीवर माती टाकून "पहा, लाल झाली" हाही तसाच खेळ. लिथियमची ज्योत किरमिजी असते हे शाळेतलं खरं, पण मातीत थोडं जरी मीठ असलं तरी सोडियमची पिवळी ज्योत बाकी सगळं झाकून टाकते.

प्रश्न: काश्मीरला निघालं, कोरब्याला निघालं, मग आपल्याकडे काहून नाही?

निघालं म्हणजे काय ते आधी पहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये रियासीला ५९ लाख टन लिथियमवाल्या खनिजाचा (शुद्ध लिथियमचा नाही) अंदाज जाहीर झाला, तो प्राथमिक दर्जाचा अंदाज होता, अन् अख्ख्या देशात पेढे वाटून झाले. मग लिलाव काढला तर पुरेसे बोलीवालेच आले नाहीत, तो रद्द करावा लागला, दुसऱ्यांदाही तेच. छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातल्या कटघोऱ्याचा ब्लॉक मात्र जून २०२४ मध्ये ७६.०५ टक्के बोलीवर (म्हणजे मालाच्या किमतीतला तेवढा वाटा सरकारला) गेला. जमिनीखाली असणं, खोदण्याजोगं असणं अन् विकून पैसे उरणं, या तीन पायऱ्या आहेत, अन् आपल्याकडच्या अफवा पहिल्या पायरीवरही चढलेल्या नाहीत.

प्रश्न: म्हणजे विदर्भात बॅटरीचं काहीच नाही?

आहे ना! अन् एवढं आहे की मला लिथियमच्या या वेडाचा रागच येते. मँगनीज. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग अन् चिखला, नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव. मॉइल कंपनीचं हेडऑफिस नागपुरातच, अन् तिचं मूळ १८९६ च्या इंग्रज सिंडिकेटमध्ये आहे. डोंगरी बुजुर्गची खदान उघडी आहे, तिथला डायऑक्साइडवाला काळा दगड हातात घेतला तर वजनाने मनगट खाली जाते अन् बोटं काळी होतात, ती साबणानेही लवकर निघत नाहीत. टॉर्चच्या, रेडिओच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते ती हीच जात. तिथे मॉइलचा प्लांटही आहे, दगड भाजून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवतात अन् वीज सोडून शुद्ध मँगनीज डायऑक्साइड पत्र्यावर जमा करतात. बॅटरीसाठीच.

आता टक्केवारी बघा. चांगल्या मँगनीज दगडात टनाला ३००-४०० किलो धातू असते, कॉर्नवॉलच्या लिथियमवाल्या दगडात अडीच किलो. भावात फरक आहे मान्य, पण आपल्या पायाखाली जे टनाने आहे ते सोडून आपण ग्रॅमच्या मागे धावतो. गाड्यांच्या एनएमसी बॅटरीत निकेल-कोबाल्टसोबत मँगनीज लागते, नव्या फॉस्फेट बॅटरीच्या एका प्रकारातही लागते. त्यासाठी अतिशुद्ध मँगनीज सल्फेट पाहिजे अन् जगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त चीन बनवते. दगड आपला, पूड त्यांची. जोडउत्पन्नाची खरी गोष्ट करायची तर जुन्या मँगनीज खदानींच्या डम्पवर पडलेला बारीक चुरा अन् धुताना निघालेला गाळ तपासा, त्यातला बराच माल त्या काळच्या भावाने अन् त्या काळच्या मशीनने फेकलेला आहे.

अजून एक, केओलिनपासून अतिशुद्ध ॲल्युमिना करता येते अन् ती बॅटरीतल्या पडद्यावर लेप द्यायला वापरतात. ती धातू म्हणून विकत नाहीत पण बॅटरीतच जाते, अन् त्यासाठी मातीत लिथियम असायची गरज नाही, माती शुद्ध असली पाहिजे.

प्रश्न: सातबारा माझ्या नावावर आहे, मग खालचं खनिज माझंच ना?

नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८, खनिजावर हक्क राज्य सरकारचा. तुम्हाला मिळते ते जमिनीच्या वापराचं अन् नुकसानीचं. म्हणून "तुमचं लिथियम विकत घेतो" म्हणणारा माणूस जे तुमचं नाहीच ते घ्यायला आलेला असते, त्याला खरं पाहिजे असते तुमचं वावर.

प्रश्न: गावात एकाकडे चिनी मातीचा पट्टा (खाणीची लीज) आहे, तो त्यातूनच गुपचूप लिथियम काढू शकते का?

गुपचूप नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने ३१ खनिजं गौण म्हणजे किरकोळ ठरवून राज्याकडे दिली, त्यात चिनी माती, फायरक्ले, अभ्रक, फेल्डस्पार, क्वार्ट्झ सगळं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातले अभ्रक, फेल्डस्पार, क्वार्ट्झ अन् बॅराइट परत मुख्य खनिजात घेतले, कारण त्यांच्यासोबतच लिथियम, बेरिलसारखी कामाची खनिजं येतात अन् गौण पट्ट्यात त्यांची नोंदच होत नव्हती. माती गौणच राहिली. लिथियमसारख्या क्रिटिकल (देशाला निकडीच्या) खनिजांचा लिलाव २०२३ च्या दुरुस्तीपासून केंद्र करते, रॉयल्टी ३ टक्के. २०२५ च्या दुरुस्तीने चालू पट्ट्यात दुसरं खनिज जोडून घ्यायची सोय केली, क्रिटिकल असेल तर वेगळी रक्कम नाही. पण अर्ज, नोंद, परवानगी लागतेच. मातीच्या पट्ट्यावाल्याने आधी जिल्हा खनिकर्म कार्यालयात लेखी विचारावं.

चीनमध्ये यीचुन भागात हाच घोळ झाला. कित्येक खदानी कागदावर चिनी मातीच्या दगडाच्या अन् प्रत्यक्षात माल लिथियमचा. २०२५ मध्ये तिथल्या आठ खदानींना साठ्याचे रिपोर्ट नव्याने द्यायला लावले. तिथे सरकारला जे उशिरा सुचलं ते आपल्याकडे पहिल्या दिवशीच झालं पाहिजे.

प्रश्न: ग्रामसभेला काही विचारतात का?

हा प्रश्न फार कमी लोकं विचारतात अन् खरं तर हाच पहिला पाहिजे. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसा (आदिवासी भागातल्या पंचायतींच्या) कायद्याच्या कलम ४ मध्ये गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. बघा गंमत, माती आहे तोपर्यंत तुम्हाला विचारणं बंधनकारक, तीच जागा लिथियमची झाली की ती अट लागू होत नाही कारण ती फक्त गौण खनिजापुरती आहे. वर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने क्रिटिकल खनिजांच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. वनजमिनीवर वनहक्काचे दावे असतील तर तो वेगळा आधार आहे, म्हणून सामूहिक वनहक्काचे कागद आत्ताच पूर्ण करून ठेवा, एजंट येईपर्यंत थांबू नका.

प्रश्न: कुंभारांची माती बंद होईल का?

हाताने, परंपरेप्रमाणे मडकी-दिव्यांसाठी माती काढणाऱ्या कुंभारांना पर्यावरण मंजुरीची गरज नाही, केंद्राच्या मार्च २०२० च्या अधिसूचनेत तसं स्पष्ट आहे. पण सूट असणं वेगळं अन् जागा शिल्लक राहणं वेगळं. मातीची नेहमीची जागा पट्ट्यात गेली की सूट कागदावर राहते. जिथे पिढ्यानपिढ्या माती काढतात त्या गट नंबरची नोंद ग्रामपंचायतीच्या ठरावात करून घ्या.

प्रश्न: पाणी अन् प्रदूषण?

लिथियमच्या अभ्रकात फ्लोरिन असते, भाजताना ते बाहेर पडते अन् पकडून ठेवावं लागते. यवतमाळ अन् चंद्रपूरच्या कित्येक गावांत हातपंपाच्या पाण्यात आधीच फ्लोराइड आहे, पोरांच्या दातांवर डाग दिसतात. अशा ठिकाणी भट्टी टाकायची तर धुरांड्यावर काय लावणार अन् राख कुठे टाकणार हे आधी सांगायला पाहिजे. कचऱ्याचाही हिशोब करा: कॉर्नवॉलच्या दर्जाचा दगड धरला अन् कणही वाया गेला नाही असं मानलं तरी एक टन कार्बोनेटमागे ७५ टन दगड लागते, खऱ्या प्लांटमध्ये शंभराच्या पुढे. पाणी फिरवून वापरता येते, पण एप्रिल-मे मध्ये टँकरवर जगणाऱ्या गावात भरपाईचं पाणी कुठून आणणार? २०२२ च्या शेवटी यीचुनजवळच्या नदीत थॅलियम सापडलं तेव्हा तिथले लिथियम कारखाने थांबवावे लागले होते.

प्रश्न: नोकऱ्या?

धुण्याच्या प्लांटवर थोड्या, केमिस्ट-ऑपरेटरच्या त्याहून थोड्या. आयटीआय-डिप्लोमावाल्या पोरांनी मँगनीजकडे बघावं.

प्रश्न: सरकारी योजना आहे म्हणतात, गावाला पैसे मिळतील का?

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल खनिज मिशन मंजूर झालं, १६,३०० कोटी. त्यात खदानीचा टाकाऊ माल, कोळशाची राख, लाल चिखल (ॲल्युमिना कारखान्यातला) यातून खनिज काढायच्या पायलटसाठी १०० कोटी आहेत. ते संशोधन संस्था अन् कंपन्यांसाठी आहेत, शेतकऱ्याच्या खात्यात येणारे नाहीत. गावाचा हक्काचा पैसा म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी, तो आत्ताच्या कोळसा-मँगनीजमधूनही येते, त्याचा हिशोब मागा.

प्रश्न: तरी एकदा तपासायचंच आहे. नमुना कसा घ्यायचा?

वरची फूटभर माती बाजूला करा, तिच्यात खत-शेण-कचरा असते. मग थर बदलला की वेगळा नमुना, प्रत्येकी एक-दोन किलो, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, आत-बाहेर दोन चिठ्ठ्या: गट नंबर, खोली, तारीख, मोबाइलवरचं लोकेशन. सगळे थर मिसळून एकच पिशवी करू नका, मग आकडा कशाचा ते कळत नाही. नागपुरात भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे, भारतीय खान ब्यूरोही तिथेच आहे, आधी तिथे विचारा. खाजगी लॅब घेतली तर एनएबीएलची मान्यता असलेली घ्या अन् "लिथियम, आयसीपीवर" असं अर्जात लिहून द्या. एजंटच्या हाती नमुना देऊ नका.

रिपोर्ट पीपीएममध्ये येते, एक पीपीएम म्हणजे टनाला एक ग्रॅम. १०० च्या आत आलं तर साधी माती आहे, पिशवी रिकामी करून टाका. हजाराच्या वर आलं तर त्याच खड्ड्यातून दुसरा नमुना दुसऱ्या लॅबला पाठवा, अन् तो रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांशिवाय कोणाला सांगू नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नाही.